शीतगृहातील तापमानाची नोंद व संगणकावरील स्वाक्षरी

परदेशी जाणाऱ्या फळाबरोबर कागदही जातो. फळ निर्दोष असूनही कागद सदोष निघाला तर खेप नाकारली जाते, ही गोष्ट महाराष्ट्रातील बागाइतदारांच्या ध्यानी अलीकडे चांगलीच आली आहे. २०२५ सालच्या मे महिन्यात नवी मुंबईहून विमानाने अमेरिकेस गेलेल्या आंब्यांच्या निदान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथील विमानतळांवर अडविण्यात आल्या. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यास निदान ४०० ग्रे इतकी विकिरणाची मात्रा द्यावी लागते आणि ती दिल्याबद्दलचे कागदपत्र खेपेसोबत असावे लागतात. हे कागदपत्र योग्य रीतीने झालेले नाहीत, असा तेथील अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. उपचार रीतसर झाला होता, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. माल परत न्यावा अथवा जागीच नष्ट करावा, असे दोनच मार्ग निर्यातदारांपुढे ठेवण्यात आले. नाशवंत फळ परत आणण्याचा खर्च परवडण्यासारखा नसल्याने ते नष्ट करण्यात आले. एकूण नुकसान सुमारे ५ लाख डॉलर झाले, असा त्या वेळी अंदाज करण्यात आला.

या प्रकरणात संगणकावरील स्वाक्षरीचा प्रश्न नव्हता. परंतु ज्या उपचाराची कोणतीही खूण फळावर डोळ्यांना दिसत नाही, तो झाला की नाही हे केवळ नोंदीवरून ठरते, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. द्राक्षाच्या शीतकरणाचेही तसेच आहे. घड वेलीवरून काढल्यावर काही तासांच्या आत गराचे तापमान सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंत उतरविले, पुढे ते ० ते १ अंशावर राखले आणि हवेतील आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवली, तर माल समुद्रमार्गे तीन-चार आठवड्यांचा प्रवास सहन करतो. यात कसूर झाली तर देठ वाळतात, मणी गळतात व राखी बुरशी शिरते. परंतु पेटी युरोपच्या बंदरात उघडल्यावर मणी गळालेले दिसले, तर ती कसूर बागेत झाली, पॅकहाऊसमध्ये झाली, ट्रकमध्ये झाली की जहाजावरील कंटेनरमध्ये झाली, हे फळाकडे पाहून कोणासही सांगता येत नाही. द्राक्षाचा हिशेब पुष्कळदा माल पोचल्यावर होतो आणि नुकसानीची वजावट अखेरीस बागाइतदाराच्या पट्टीत येते. ज्याच्यापाशी विश्वसनीय नोंद नाही त्याची बाजू येथे लंगडी पडते.

आता शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था स्वतःची पॅकहाऊसे व शीतगृहे चालवीत आहेत. गावातीलच शिकलेली मुले तेथे यंत्रे व संगणक सांभाळतात. सबब तापमानाच्या नोंदी कशा होतात, त्यांवर संगणकातून स्वाक्षरी करणे म्हणजे नेमके काय करणे आणि ती स्वाक्षरी केव्हा खरी व केव्हा पोकळ ठरते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व सभासदांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

यंत्र काय लिहिते व माणूस काय लिहितो

पूर्वी शीतगृहाच्या दाराशी तापमापक टांगलेला असे व पहारेकरी दर दोन तासांनी त्यावरील आकडा वहीत उतरवून घेई. अशा जुन्या वह्या चाळल्या तर कित्येकदा आठवडाभराचे आकडे एकाच शाईने व एकाच बैठकीत लिहिलेले दिसतात. पहाटे तीनची नोंद पहाटे तीनलाच झाली असे मानण्यास पुष्कळ श्रद्धा लागते.

त्या वहीच्या जागी आता डेटा लॉगर आला आहे. हे काडेपेटीएवढे अथवा त्याहून थोडे मोठे यंत्र असते. त्यात तापमान जाणणारा भाग, घड्याळ, बॅटरी व नोंदी साठविणारी स्मृती एवढेच असते. दर १५ मिनिटांनी नोंद घेण्याची व्यवस्था केली तर दिवसास ९६ व २५ दिवसांच्या प्रवासात २,४०० नोंदी होतात. वीज गेली तरी बॅटरीवर नोंद चालू राहते. पुढे यंत्र संगणकास जोडले की त्यासाठीचे सॉफ्टवेअर या नोंदी वाचते, त्यांचा आलेख काढते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर तापमान केव्हा व किती वेळ गेले ते दाखविते.

मग स्वाक्षरी कशाची करावयाची? आकडे तर यंत्राने लिहिले. येथेच पुष्कळांची गल्लत होते. स्वाक्षरी आकड्यांची नसते, आकड्यांविषयी एका विशिष्ट माणसाने घेतलेल्या जबाबदारीची असते. लॉगर अमुक कक्षात अमुक खेपेजवळ आपण ठेवला, असे एकजण सांगतो. नोंदी आपण तपासल्या व मर्यादेबाहेरचे प्रसंग पाहिले, असे दुसरा सांगतो. ही खेप कंटेनरमध्ये भरण्यास आपण मान्यता दिली, असे तिसरा सांगतो. ही तीन निरनिराळी विधाने आहेत आणि प्रत्येकाच्या स्वाक्षरीपुढे तिचा अर्थ लिहिलेला असावा लागतो. नुसत्या नावावरून त्या माणसाने माल पाहिला, कागद पाहिला की केवळ संगणक उघडला, हे कळत नाही.

तीन गोष्टींस एकच नाव

‘डिजिटल सही’ हा शब्द हल्ली तीन अगदी वेगळ्या गोष्टींस लावला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे कागदावर केलेल्या सहीचे छायाचित्र घेऊन ते संगणकातील अहवालाखाली चिकटविणे. ही स्वाक्षरी नव्हे, चित्र होय. ते कोणीही उचलून कोणत्याही कागदावर लावू शकतो. ज्याची ती सही आहे तो त्या वेळी गावात तरी होता काय, हे त्यावरून कळत नाही. पॅकहाऊसमधील अहवालांवर अशी चित्रे सर्रास दिसतात व ती नीटनेटकी दिसत असल्याने कोणी हरकतही घेत नाही.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरमधील स्वाक्षरी. यात प्रत्येक माणसास स्वतःचे ओळखनाव व परवलीचा शब्द, ज्यास सर्वत्र पासवर्ड म्हणतात, दिलेला असतो. नोंद तपासून झाल्यावर तो ही दोन्ही पुन्हा टंकित करतो, स्वाक्षरीचा अर्थ निवडतो व सॉफ्टवेअर त्याचे नाव, तारीख, वेळ व अर्थ त्या नोंदीस कायमचे जोडून ठेवते. काही ठिकाणी पासवर्डाऐवजी बोटाचा ठसा घेतात. परंतु बागेत व पॅकिंगच्या कामात ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र कित्येकदा ओळखत नाही, हा रेशन दुकानावरील अनुभव येथेही येतो.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या अधिक परिचयाची आहे. महाराष्ट्रात २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याच्या हाताची सही नसते व तरीही तो चालतो. या स्वाक्षरीमागे किल्ल्यांची एक जोडी असते. त्यांतील खाजगी किल्ली केवळ स्वाक्षरी करणाऱ्यापाशी राहते व दुसरी सर्वांस जाहीर असते. खाजगी किल्लीने केलेली स्वाक्षरी जाहीर किल्लीने पडताळता येते, पण जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली बनविता येत नाही. ही जोडी अमुकच माणसाची आहे, असे प्रमाणपत्र सरकारने परवाना दिलेली संस्था देते व त्याची मुदत ठरलेली असते.

आकड्यांचा ठसा

लिहिलेल्या नोंदीत मागाहून कोणी फेरफार केला तर तो कळतो कसा, अशी शंका साहजिकच येते. आडत्याच्या पट्टीत शेवटी बेरीज मांडलेली असते. मधला एखादा आकडा खोडला तर बेरीज जुळत नाही व लबाडी उघडी पडते. संगणक याच कल्पनेची फार कडक आवृत्ती वापरतो. फाइलमधील सर्व अक्षरांवर एक ठराविक गणित करून तो तिचा एक लहानसा ठसा काढतो. त्यास हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या रीतीने काढलेला ठसा ६४ अक्षरी येतो, मग फाइल एका दिवसाची असो की साऱ्या हंगामाची. २,४०० नोंदींपैकी एका नोंदीत ४.१ च्या जागी १.४ केले तरी साराच ठसा बदलतो. बेरजेत एक आकडा वाढवून दुसरा कमी केला तर चोरी लपते. येथे तशी सोय नाही. डिजिटल स्वाक्षरी करताना या ठशावरच खाजगी किल्ली चालविली जाते, त्यामुळे स्वाक्षरी त्या एका फाइलशी बांधली जाते व उचलून दुसरीवर लावता येत नाही.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. अशी फाइल छापून काढली की कागदावर स्वाक्षरीचे केवळ वर्णन उरते; ठसा तपासण्याचे साधन फाइलमध्येच राहते. म्हणून छापील प्रत फडताळात ठेवून संगणकातील फाइल पुसून टाकणे म्हणजे मूळ दस्त जाळून नक्कल जपण्यासारखे आहे.

अमेरिकेचा नियम व त्याची व्याप्ती

संगणकावरील नोंदी व स्वाक्षऱ्या कागदी नोंदींइतक्या विश्वासार्ह केव्हा मानाव्यात, याविषयी फार सविस्तर नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २० मार्च १९९७ रोजी प्रसिद्ध केले. ते त्याच वर्षी २० ऑगस्टपासून अमलात आले. तेथील नियमसंहितेच्या २१ व्या शीर्षकाचा हा ११ वा भाग असल्याने व्यवहारात त्यास ‘पार्ट ११’ म्हणतात. त्यातील मुख्य गोष्टी साध्या व्यवहारज्ञानाच्या आहेत. प्रत्येक स्वाक्षरी एकाच माणसाची असावी, ती पुन्हा दुसऱ्यास देऊ नये. ती देण्यापूर्वी संस्थेने त्या माणसाची ओळख पटवून घ्यावी. बोटाच्या ठशासारखी खूण वापरली नसेल तर स्वाक्षरीस ओळखनाव व पासवर्ड यांसारखे निदान दोन घटक असावेत. स्वाक्षरी केलेल्या नोंदीवर सही करणाऱ्याचे छापील नाव, तारीख व वेळ आणि स्वाक्षरीचा अर्थ स्पष्ट दिसावा. नोंद कोणी, केव्हा निर्माण केली, बदलली वा पुसली याचा माग संगणकाने आपोआप ठेवावा व नवी नोंद केल्याने जुनी झाकली जाऊ नये. आपल्या नावाने झालेल्या कृतीस आपणच जबाबदार आहोत, हे कर्मचाऱ्यांस लेखी धोरणाने बजावलेले असावे.

हे नियम सर्वांस लागू आहेत असे समजू नये. औषधे व लसी बनविणाऱ्या कारखान्यांस त्यांचा मोठा जाच, आणि लाभही, आहे. परंतु पुढे अन्नसुरक्षेचे जे नवे नियम झाले, त्यांखाली शेतावर ठेवावयाच्या ताज्या फळभाज्यांच्या नोंदी (भाग ११२) व अन्नप्रक्रिया करणाऱ्यांच्या सर्वसाधारण प्रतिबंधक उपायांच्या नोंदी (भाग ११७) या ११ व्या भागातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, लॉगर व सॉफ्टवेअर विकणारे कित्येकदा ‘पार्ट ११ शिवाय माल अमेरिकेत उतरणार नाही’ असे सांगून शेतकरी कंपन्यांच्या गळ्यात महागडी वस्तू बांधतात. विकत घेण्यापूर्वी ही अट नेमकी कोणत्या खरेदीदाराच्या करारात वा कोणत्या प्रमाणनात लिहिली आहे, ते दाखविण्यास विक्रेत्यास सांगावे.

दुसराही एक भ्रम आहे. सॉफ्टवेअरच्या वेष्टनावर ‘पार्ट ११ अनुरूप’ असे छापलेले असते. परंतु ओळख पटवून स्वाक्षरी देणे, लेखी धोरण करणे, माणसांस शिक्षण देणे ही कामे संस्थेची आहेत. ती विकत मिळत नाहीत. सॉफ्टवेअर फार तर अवजार पुरवील. चांगला नांगर घेतल्याने नांगरट झाली, असे कोणी म्हणत नाही.

तरीही या नियमांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बाजारातील पुष्कळ लॉगर-सॉफ्टवेअर त्यांच्या धर्तीवर घडविलेले असते, आणि स्वाक्षरी खरी कशाने होते याचे इतके नेमके वर्णन अन्यत्र क्वचितच आढळते.

आपला कायदा

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्यात प्रथम केवळ किल्ल्यांच्या जोडीवर चालणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीस मान्यता होती. २००८ च्या दुरुस्तीने कलम ३-अ घालून इतर पद्धतींच्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीसही वाट करून दिली; ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. पद्धती विश्वसनीय केव्हा मानावी, हे त्या कलमात सांगितले आहे. स्वाक्षरी करण्याचे साधन त्या माणसाशीच निगडित असावे, स्वाक्षरी करतेवेळी ते त्याच्याच ताब्यात असावे आणि त्यानंतर स्वाक्षरीत अथवा मजकुरात केलेला कोणताही बदल उघडकीस येण्याजोगा असावा. ज्या पद्धती मान्य आहेत त्या अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात नमूद केल्या जातात. आधारच्या ओळखीवर होणारी ई-साइन ही त्यांपैकी होय.

म्हणजे लॉगरच्या सॉफ्टवेअरमधील ओळखनाव-पासवर्डाची स्वाक्षरी ही संस्थेच्या अंतर्गत शिस्तीसाठी व खरेदीदाराच्या तपासनिसासाठी उत्तम असली, तरी जेथे कायदाच एखाद्या दस्तावर स्वाक्षरी मागतो तेथे ती डिजिटल प्रमाणपत्राची वा ई-साइनची जागा घेईलच असे नाही. मात्र वाद न्यायालयात गेला तर तापमानाची नोंद पुरावा म्हणून मांडता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्याच्या नमुन्यात वर वर्णिलेला हॅश-ठसा नमूद करण्यास जागा ठेवली आहे.

एकाच पासवर्डावर साऱ्या गावाची सही

आता खऱ्या अडचणीकडे वळावयास हवे. कायदा व सॉफ्टवेअर दोन्ही ठीक असूनही स्वाक्षरी पोकळ होते ती बहुधा एकाच कारणाने. पॅकहाऊसमध्ये हंगामात दोन वा तीन पाळ्या चालतात. संगणक एकच असतो. पहिल्या दिवशी व्यवस्थापकाच्या नावाने तो उघडला जातो, त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेस चिकटविला जातो आणि मग हंगामभर सर्वांचे काम त्या एकाच नावावर चालते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. उलट एकमेकांस मदत करण्याची ती गावाकडील नेहमीची रीत आहे.

समजा, एका रात्री वीज गेली व जनित्र सुरू होण्यास उशीर झाला. शीतकक्षाचे तापमान ४० मिनिटे ६ अंशांवर राहिले. रात्रपाळीच्या मुलाने नोंद पाहिली, ‘तपासले’ असे निवडले व चिकटविलेल्या पासवर्डाने स्वाक्षरी केली. दीड महिन्याने परदेशातील खरेदीदाराने त्या खेपेत बुरशी निघाल्याचे कळविले व नोंदी मागविल्या. स्वाक्षरी व्यवस्थापकाची, परंतु हजेरीपटावरून व्यवस्थापक त्या रात्री गावी नव्हता. तपासनीस येथे एकच प्रश्न विचारतो : ही स्वाक्षरी दुसऱ्याने केली असेल, तर बाकीच्या स्वाक्षऱ्या कोणी केल्या? ४० मिनिटांच्या त्या चढाने कदाचित फळाचे काहीही बिघडले नसेल, कारण हवा तापली तरी थंड झालेल्या गराचे तापमान हळूहळू चढते. पण आता त्या चढाचा प्रश्नच राहत नाही. साऱ्या हंगामाच्या नोंदींवरील विश्वास उडतो आणि ज्यांच्या मालाचा त्या रात्रीशी संबंध नव्हता अशा बागाइतदारांची बाजूही कमकुवत होते.

याच प्रसंगी त्या मुलाने स्वतःच्या नावाने स्वाक्षरी करून ‘वीज गेली, जनित्र ४० मिनिटांनी सुरू, दार बंद ठेवले, तीन पेट्यांतील गराचे तापमान घेतले’ एवढे लिहून मोजलेले आकडे जोडले असते, तर तीच नोंद संस्थेच्या बाजूची साक्ष झाली असती. अनुभवी तपासनीस मर्यादेबाहेरच्या प्रसंगास भीत नाही. हंगामभर एकही चढउतार न दाखविणारी सरळ रेषा दिसली की मात्र तो खुर्ची पुढे ओढतो.

यास्तव प्रत्येक कर्मचाऱ्यास, मग तो दोन महिन्यांचा हंगामी असो, स्वतंत्र ओळखनाव द्यावे. नोंद पाहण्याचा, तपासण्याचा व मान्यता देण्याचा अधिकार निरनिराळ्या माणसांस असावा. सॉफ्टवेअरच्या मांडणीत बदल करण्याचा अधिकार नोंदीवर सही करणाऱ्यापाशी शक्यतो नसावा. लहान संस्थेत माणसे कमी असल्याने हे कठीण जाते, तेव्हा तो अधिकार अध्यक्ष अथवा हिशेबनीस यांच्याकडे सोपवावा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे ओळखनाव बंद करावे, पुसू नये व त्याच्या जागी आलेल्यास तर मुळीच देऊ नये. नाहीतर जुन्या सह्या कोणाच्या हे पुढे सांगता येणार नाही. पासवर्ड विसरणे हा अपराध नव्हे. विसरलेला पासवर्ड नवा करून घेण्याची सोपी सोय नसते म्हणूनच माणसे चिठ्ठ्या चिकटवितात, हेही व्यवस्थापकांनी लक्षात घ्यावे.

चूक झाली तर ती लपविण्याचा मार्ग सॉफ्टवेअर देत नाही, हे कामगारांस हंगामापूर्वीच समजावून सांगावे. खेपेचा क्रमांक चुकीचा टंकित झाला तर दुरुस्ती करता येते. मात्र जुना क्रमांक, नवा क्रमांक, दुरुस्त करणारा, वेळ व कारण ही सर्व मागात राहतात. वहीत ज्याप्रमाणे चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा व आद्याक्षरे लिहितात, त्याचीच ही संगणकी रीत होय. कारणाच्या जागी ‘दुरुस्ती’ असे लिहिणे निरर्थक आहे.

घड्याळ व बर्फ

स्वाक्षरी कितीही पक्की असली तरी घड्याळ चुकीचे असेल तर ती चुकीच्या वेळेची साक्ष देते. लॉगर सुरू करताना त्याची वेळ मोबाइलवरील वेळेशी ताडून पाहावी. काही सॉफ्टवेअर नोंदी ग्रिनिचच्या वेळेत दाखविते. ती भारतीय वेळेहून साडेपाच तास मागे असते. असा अहवाल फाटकावरील ट्रकच्या नोंदवहीशी लावला तर कंटेनर भरण्यापूर्वीच फळ त्यात होते, असे हास्यास्पद चित्र दिसते. हॉलंडमधील खरेदीदाराच्या संगणकावर तीच फाइल हिवाळ्यात आपल्याहून साडेचार तास मागची वेळ दाखवील. अहवालाच्या मथळ्यावर वेळ कोणत्या प्रदेशाची आहे ते छापले जाते किंवा नाही, हे एकदा पाहून ठेवावे.

तापमान जाणणारा भाग बरोबर आहे किंवा नाही, याची प्राथमिक परीक्षा गावातही करता येते. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासात भरावा, फटी भरतील इतकेच थंड स्वच्छ पाणी घालावे, ढवळून काही मिनिटे थांबावे व लॉगरची तार बर्फाच्या मध्यभागी, भांड्यास न टेकेल अशी धरावी. आकडा स्थिर झाल्यावर तो ० अंश यावयास हवा. अर्ध्या अंशाहून अधिक फरक आढळला तर ते यंत्र बाजूस काढून ठेवावे. तार नसलेले, जलरोधक नसलेले यंत्र पाण्यात बुडवू नये. त्याची तुलना परीक्षा केलेल्या दुसऱ्या यंत्राशेजारी ठेवून करावी. ही परीक्षा प्रयोगशाळेच्या अंशशोधनाची जागा घेत नाही. ते प्रमाणपत्र मुदतीत असावे लागतेच. परंतु द्राक्ष शून्याच्या आसपासच राखावयाचे असल्याने शून्यावरील परीक्षा या पिकास विशेष उपयोगी पडते. परीक्षेची तारीख, यंत्राचा क्रमांक व आलेला आकडाही सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून त्यावर करणाऱ्याने स्वतःची स्वाक्षरी करावी.

बागाइतदाराने काय मागावे

निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी, तपासणी व मालाचा माग २००६ साली सुरू झालेल्या ग्रेपनेट या व्यवस्थेमुळे बागेच्या क्रमांकापर्यंत पोचतो. शीतकरणाची नोंद मात्र पॅकहाऊसच्या संगणकात पडून राहते व बागाइतदारास ती पाहावयासही मिळत नाही. वजावट झाल्यावर ती मागण्यापेक्षा माल देतानाच मागावी. आपला माल ज्या खेपेत गेला तिचा क्रमांक, शीतकक्षात माल आत गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ, त्या काळातील तापमानाची फाइल आणि कंटेनरमध्ये ठेवलेल्या लॉगरचा क्रमांक, एवढे प्रत्येक सभासदास मिळावे. कागदाची प्रत नव्हे, फाइलच घ्यावी व ती मोबाइलमधून निदान दुसऱ्या एका ठिकाणी जपून ठेवावी.

फाइल हाती आल्यावर ती समजण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. आलेखाची रेषा किती वेळात ४ अंशांपर्यंत उतरली ते पाहावे. मध्ये कोठे रेषा तुटली असल्यास तेवढा वेळ लॉगर बंद होता, असा त्याचा अर्थ, कारण विचारावे. खाली स्वाक्षऱ्या किती आहेत, त्या कोणाच्या आहेत व प्रत्येकीपुढे अर्थ लिहिला आहे काय, ते वाचावे. एकाच दिवशी पहाटे दोनला, दुपारी दोनला व रात्री दहाला एकाच माणसाची स्वाक्षरी दिसली, तर तो माणूस झोपतो केव्हा, हे संस्थेच्या पुढच्या सभेत विचारण्यास हरकत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी छाटणीनंतरच्या बैठकांतच असा एखादा जुना अहवाल सोबत नेऊन सभासदांसमोर उघडून दाखवावा. काढणी सुरू झाली की कोणासही सवड नसते.